अठराव्या वाढदिवसानंतर

मुंबईहून पुणे, सोलापूर करत येणारी हुसेनसागर एक्स्प्रेस जिथे थांबते त्या हैदराबाद दख्खन स्थानकाला सारं शहर नामपल्ली म्हणूनच ओळखतं. रूळ इथेच संपतात. घरातून निघून आलेलं एखादं पोर या फलाटावर एकटं उतरलं, तर पुढे काय करायचं हे आज बऱ्यापैकी ठरलेलं आहे. रेल्वे सुरक्षा दलाचा जवान त्याला बाजूला घेतो, १०९८ या क्रमांकावर कळवलं जातं, चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. मग घराचा शोध सुरू होतो. घर सापडलं आणि सुरक्षित असलं तर परत पाठवणी होते, नाहीतर बालगृह. रेल्वेच्या हद्दीत सापडणाऱ्या मुलांसाठी रेल्वे मंत्रालयाने २०१५ साली कार्यपद्धती आखून दिली. १०९८ ही हेल्पलाइन तर १९९६ मध्ये मुंबईतल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून उभी राहिली आणि देशभर गेली. या व्यवस्थेत उणिवा पुष्कळ आहेत, पण निदान वाट आखलेली आहे.

हेच पोर बालगृहात वाढून अठरा वर्षांचं झालं की ती वाट अंधुक होते. त्याचा सांभाळ करणारी यंत्रणा ज्या कायद्याने उभी राहिली, त्याच कायद्याच्या हिशोबाने ते आता मूल उरत नाही. संस्थेच्या पटावरून नाव कमी होतं. पत्र्याची पेटी, चार कपडे, गुणपत्रिका आणि अधीक्षकांनी लिहून दिलेला दाखला एवढं घेऊन एक मुलगा किंवा मुलगी बाहेर पडते. इथून पुढे तिचं शिक्षण कसं चालणार, राहणार कुठे, आजारी पडली तर कुणाला फोन करणार, या प्रश्नांचा अभ्यास म्हणजे या पुस्तकाचा विषय.

या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाने सुरुवातीलाच एक फरक ध्यानात घ्यावा. इंग्लंड-अमेरिकेत घराबाहेर काढाव्या लागलेल्या मुलांपैकी बहुतेक जण दुसऱ्या कुटुंबात, प्रतिपालकांच्या घरी वाढतात. आपल्याकडेही बाल न्याय कायद्यात प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ मध्ये काढली, २०२४ मध्ये सुधारली. तरीही आपल्या देशात घराबाहेरचं मूल मुख्यत्वे संस्थेतच वाढतं. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना मुलाला नातेवाइकांकडे किंवा एकट्या आईकडे ठेवून दरमहा मदत देते. तिचं आजचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, रक्कम महिना २,२५० रुपये. पण तीही अठराला थांबते. बालगृह, प्रतिपालकांचं घर किंवा मामा-मावशीचं घर, मूल कुठेही वाढलेलं असो, अठराव्या वाढदिवशी त्याच्यापुढे येणारा प्रश्न सारखाच असतो.

आणखी एक समज दूर करायला हवा. बालगृहातली सगळी मुलं आईबाप गमावलेली नसतात. पुष्कळांची आई किंवा वडील हयात असतात. दारू, दीर्घ आजार, ऊसतोडीची भटकंती, तुरुंगवास, दुसरं लग्न अशा कारणांनी ते घर मुलाला सांभाळू शकलेलं नसतं. अठरा पूर्ण झाल्यावर अशा मुलाला ‘घरी’ पाठवलं की कागदावर पुनर्वसन झालं, असं मानलं जातं. जे घर सहाव्या वर्षी त्याला ठेवून घेऊ शकलं नाही, ते अठराव्या वर्षी त्याच्या कॉलेजचा खर्च कसा उचलणार, हा प्रश्न त्या कागदावर नसतो.

या क्षेत्राची सगळी अडचण एका साध्या हिशोबात दिसते. घरात वाढलेलं मूल साधारण अठराव्या वर्षी बारावी होतं आणि एकविसाव्या वर्षी पदवीधर. कायद्याने पुढच्या मदतीची मर्यादा नेमकी तेवढीच, म्हणजे एकविसापर्यंत धरली आहे. पण फलाटावर दहाव्या वर्षी सापडलेलं मूल तोवर शाळेत गेलेलं नसतं, किंवा दुसरीत शाळा सुटलेली असते. सोलापूरकडच्या मराठी घरातून आलेलं पोर हैदराबादेत तेलुगू किंवा उर्दू वर्गात बसतं, तेव्हा भाषेमुळे आणखी एखादं वर्ष जातं. अठराव्या वर्षी ते दहावीच्या बाकावर असतं. ज्याला शिकायला जास्त वर्षं हवीत, त्याच्याच हातातली वर्षं अशी आधी सरतात. मदत वाढदिवस पाहून थांबवायची की शिक्षणाचा टप्पा पुरा झालेला पाहून, हा या पुस्तकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पुस्तक ठामपणे देतं: टप्पा पाहून.

महाराष्ट्रात या प्रश्नाची जाण जुनी आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतलं आणि डॉक्टर केलं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत या दोघांनी रुग्णांची सेवा केली, त्यातच सावित्रीबाई गेल्या. आश्रयगृहात जन्मलेल्या मुलाला व्यवसाय हाती येईपर्यंत साथ दिली तर काय घडतं, याचा दाखला आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीचा आहे.

१८७५ मध्ये न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपूरला बालकाश्रम सुरू झाला आणि प्रार्थना समाजाने तो चालवला. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. त्यांना लिहायला-वाचायला शिकवलंच, शिवाय विणकाम, छपाई, शेती अशी पोटापाण्याची कामंही हाती दिली. धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. तिथे आलेली विधवा मुलगी शिक्षिका किंवा परिचारिका होऊन बाहेर पडावी, ही त्यामागची धारणा होती. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं, आजचं पुणे विद्यार्थी गृह. मुलांनी माधुकरी मागून शिकायचं आणि शिकून स्वतःच्या पायावर उभं राहायचं. पुढे भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात आणि रयतच्या शाळांत ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. या सगळ्यांत एक धागा समान होता. आश्रय हा त्यांनी शेवट मानला नाही. मूल कमावतं होईपर्यंतचा काळ त्यांनी आपल्या हिशोबात धरला होता.

हैदराबादचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला, पण चिंता तीच होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरूरनगरच्या निजामी महालात व्हिक्टोरिया मेमोरियल अनाथालय सुरू झालं. नामपल्लीत अनीस-उल-गुर्बा हा यतीमखाना निजामकाळापासून चालत आला आहे आणि तेलंगण सरकारने त्याच्यासाठी नव्या बहुमजली इमारतीचं काम हाती घेतलं. यूसुफैन दर्ग्याचा हा परिसर भुकेल्याला रिकाम्या हाती पाठवत नाही, अशी त्याची ख्याती. याच नामपल्लीत दर जानेवारीत नुमाइश भरते. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या या प्रदर्शनाच्या उत्पन्नातून एक्झिबिशन सोसायटी शिक्षणसंस्था चालवते. मैदानाच्या आवारातलं सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय त्यांतलंच. जत्रेच्या तिकिटातून पिढ्यान्‌पिढ्या कॉलेजं चालू शकतात, हे या शहराने दाखवलं आहे. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या शिक्षणाला कायमचा निधी उभा करणं अशक्य आहे, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

सरकार या क्षेत्रात आलं ते मात्र बंदोबस्ताच्या अंगाने. १८५० च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने अनाथ आणि गरीब मुलांना कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची सोय केली. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुधारशाळा निघाली. १९२४ मध्ये मुंबई बाल कायदा आला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि मानखुर्दचं बालगृह, उमरखाडीचं निरीक्षणगृह ही नावं मुंबईकरांच्या बोलण्यात रुळली. रिमांड होम हा शब्द तेव्हापासून इतका घट्ट बसला, की कोणताही गुन्हा न केलेली मुलंही गावात ‘रिमांड होमची पोरं’ ठरली. नोकरी मागताना, घर भाड्याने घेताना आणि लग्नाच्या बोलणीत हा शिक्का आजही आडवा येतो.

अठरा ते एकवीस वयाच्या मुलांसाठी महाराष्ट्रात अनुरक्षणगृहं निघाली. राहायला जागा, दोन वेळचं जेवण आणि एखादा धंदा शिकवणं हा त्यांचा साचा. १९८६ मध्ये देशभरासाठी बाल न्याय कायदा आला, २००० मध्ये नवा झाला आणि आजचा २०१५ चा कायदा जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याचं ४६ वं कलम संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला आर्थिक मदत देता येईल असं म्हणतं, पण ती दिलीच पाहिजे असं बंधन घालत नाही. २०१६ च्या आदर्श नियमांनी ही मदत एकविसापर्यंत आणि अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं देण्याची मुभा दिली. सहा ते आठ जणांनी मिळून राहायच्या गटघरांची, विद्यावेतनाची, प्रशिक्षणाची आणि समुपदेशकाचीही तरतूद केली. २०२२ च्या मिशन वात्सल्यमध्ये या तरुणांसाठी दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. पुण्यात कॉट बेसिसवरची जागा, मेसचा डबा, अभ्यासिकेची फी आणि बसचा पास यांची बेरीज करून पाहिली, की या रकमेतून किती भागतं ते कुणालाही उमजेल.

या विषयावर विचार करणाऱ्यांचे ढोबळमानाने चार प्रवाह दिसतात. पहिला आश्रमाचा. यात संस्था हेच घर आणि ते घर कधी सुटत नाही. सिंधुताई सपकाळांनी अठराची रेघ मानली नाही. त्यांच्याकडची मुलं शिकून, लग्न होऊन गेली तरी दिवाळीला परत येत आणि ‘माई’ हे नातं शेवटपर्यंत राहिलं. या वाटेची ताकद मायेत आहे. तिची मर्यादा अशी, की माय गेली की पुढे काय, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

दुसरा प्रवाह कुटुंबाचा. ऑस्ट्रियात हेरमान ग्माइनर यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या एसओएस बालग्रामांनी एका आईभोवती आठ-दहा मुलांचं घर ही कल्पना जगभर नेली. पुण्यात येरवड्यालाही असं बालग्राम आहे. या विचाराचे लोक म्हणतात की मोठ्या संस्थेत शंभर मुलांसोबत वाढलेल्या मुलाला गॅसचा नंबर लावणं, भाजी निवडून घेणं, घरातलं भांडण मिटवणं हे पाहायलाच मिळत नाही. मग अठराव्या वर्षी त्याने एकदम स्वावलंबी कसं व्हावं? म्हणून तयारी बारा-तेरा वर्षांपासून घरगुती वातावरणात व्हायला हवी, असा त्यांचा आग्रह. हैदराबादेत रेनबो होम्सने रस्त्यावरच्या मुलांसाठी सरकारी शाळांच्याच इमारतींत निवासाची सोय केली आणि शाळा व घर एका छताखाली आणलं. ती मुलं मोठी होत गेली, तशी अठरानंतरच्या शिक्षण-नोकरीची जबाबदारीही त्या कामात आपसूक आली.

तिसरा प्रवाह नियोजनाचा. दिल्लीच्या उदयन केअरने युनिसेफच्या साथीने महाराष्ट्रासह पाच राज्यांत बालगृहांतून बाहेर पडलेल्या तरुणांचा अभ्यास केला. निवारा, शिक्षण व कौशल्य, नोकरी व पैशाचं भान, शारीरिक आरोग्य, मनाचं आरोग्य, माणसांशी नाती, रोजचं स्वतंत्र जगणं आणि कायदेशीर ओळख अशी आठ क्षेत्रं त्यांनी मांडली. या आठांपैकी एखाद्यावर भर देऊन भागत नाही, हे या मांडणीचं सार. आयटीआयचं प्रमाणपत्र आहे पण राहायला जागा नाही, किंवा नोकरी आहे पण रात्री झोप लागत नाही, अशा अवस्थेत मुलगा सहा महिन्यांत नोकरी सोडतो आणि ठपका त्याच्या स्वभावावर येतो.

चौथा प्रवाह हक्कांचा, आणि तो स्वतः या वाटेने गेलेल्यांनी घडवला. डॉ. सुनीलकुमार लवटे पंढरपूरच्या आश्रमात जन्मले आणि कोल्हापूरच्या रिमांड होममध्ये वाढले. पुढे ते हिंदीचे प्राध्यापक झाले, प्राचार्य झाले आणि ज्या संस्थेत वाढले तिचं बालकल्याण संकुलात रूपांतर करण्यात त्यांचा वाटा राहिला. ‘खाली जमीन, वर आकाश’ या आत्मकथनाने मराठी वाचकाला हे जग आतून दिसलं. दया, उपकार या भाषेला त्यांनी आयुष्यभर नकार दिला.

गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढून अठराव्या वर्षी पुण्यात आलेल्या अमृता करवंदे यांनी हाच नकार मंत्रालयापर्यंत नेला. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत खुल्या महिला प्रवर्गासाठी नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र मागितलं गेलं. ते आईवडिलांच्या उत्पन्नावर मिळतं. ज्यांना आईवडीलच माहीत नाहीत, त्यांनी ते कुठून आणायचं? त्यांच्या पाठपुराव्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण मंजूर केलं. २०२१ आणि २०२३ मध्ये नियम बदलून संस्थेत वाढलेल्या आणि संस्थेबाहेर वाढलेल्या अनाथांचा वेगवेगळा विचार झाला. जुलै २०२४ मध्ये मुलींच्या उच्च व्यावसायिक शिक्षणाची फी माफ करताना सरकारने अनाथ मुलगे आणि मुली दोघांनाही त्यात सामावून घेतलं.

तेलंगणाने हा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडवला आहे. तिथल्या मागासवर्गीयांच्या यादीत ‘अ’ गटातच अशा मुलांची नोंद आहे, ज्यांचे आईवडील मुलाच्या दहाव्या वर्षाआधी वारले, ज्यांना पाहणारं कुणी नाही आणि जी सरकारी किंवा मान्यताप्राप्त अनाथालयात वाढली. एका राज्यात समांतर आरक्षण, शेजारच्या राज्यात जातींच्या यादीतली नोंद. मुंबईहून नामपल्लीला येऊन तिथेच वाढलेलं मूल पुढे शिकायला पुण्याला गेलं, तर त्याला कोणतं प्रमाणपत्र चालेल? सीमेवरच्या मुलांसाठी हा प्रश्न रोजचा आहे आणि पुस्तकाने तो मुद्दाम पुढे ठेवला आहे.

जगाचा अनुभव याबाबत काय सांगतो, तेही पाहायला हवं. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने संस्थेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला वैयक्तिक सल्लागार आणि लेखी वाटचाल-आराखडा मिळू लागला. २०१४ पासून प्रतिपालकांच्या घरी एकविसापर्यंत राहण्याची सोय झाली, २०१७ मध्ये सल्लागाराची मदत पंचविसापर्यंत वाढली. अमेरिकेत १९९९ चा चेफी कायदा, त्यापाठोपाठ उच्च शिक्षणासाठी वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंतची मदत, आणि २००८ मध्ये राज्यांना एकविसापर्यंत सांभाळ वाढवण्याची मुभा. शिकागोच्या चेपिन हॉल संस्थेतले मार्क कोर्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोवा, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या तीन राज्यांतल्या सातशेहून अधिक तरुणांचा सव्विसाव्या वर्षापर्यंत माग घेतला. तोवर त्यांतल्या सुमारे आठ टक्क्यांकडेच कॉलेजची दोन किंवा चार वर्षांची पदवी होती, त्यांच्या वयाच्या इतर अमेरिकी तरुणांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. इलिनॉयमध्ये मुलांना एकविसापर्यंत राहता येत होतं. तिथली मुलं कॉलेजात पोहोचण्याचं प्रमाण इतर दोन राज्यांपेक्षा जास्त निघालं, पण पदवीपर्यंत पोहोचणं तिथेही अवघडच राहिलं. श्रीमंत देशातही तीन वर्षं वाढवून काम अर्धंच होतं, हा त्या अभ्यासाचा आपल्यासाठी धडा.

उशिराने पोहोचणारे पोहोचतात, याची उदाहरणं आपल्याकडेही आहेत. केरळच्या मुक्कममधल्या मुस्लिम अनाथालयात वाढलेले मोहम्मद अली शिहाब २०११ मध्ये संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन भारतीय प्रशासकीय सेवेत गेले, तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. जळगाव रेल्वे स्थानकात जन्मतःच टाकून दिलेली अंध मुलगी अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या बालगृहात आली. माला पापळकर हे नाव तिला तिथे मिळालं आणि २०२४ मध्ये ती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री मिळाली. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना अठरानंतर संस्थेतून काढू नये, त्यांना कायम राहू द्यावं, ही मागणी ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. माला अठराव्या वर्षी वझ्झरमधून बाहेर पडली असती, तर पुढची वर्षं तिला अभ्यासाला मिळाली असती का, हे वाचकाने स्वतःला विचारून पाहावं.

अशी उदाहरणं पुस्तकात आहेत, पण ती नायकांच्या कथा म्हणून आलेली नाहीत. एक आयएएस अधिकारी दाखवून बाकीच्यांना ‘तूही कर’ म्हणणं सोपं असतं. पुस्तकाचा भर आहे तो साध्या वाटांवर: नर्सिंग, डीएड, आयटीआय, बँकेतली कारकुनी, कॅटरिंग, रात्रीचं कॉलेज. आणि भर आहे त्या लहानसहान अडथळ्यांवर, जे धोरणाच्या कागदात दिसत नाहीत. शिष्यवृत्तीच्या अर्जात पालकांचं उत्पन्न विचारलं जातं. घरमालकाला गावाकडचा पत्ता हवा असतो, बँकेला जामीनदार. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह बंद होतं आणि सगळे घरी निघतात, तेव्हा बालगृहातून आलेल्या मुलीपुढे पंधरा दिवस कुठे काढायचे हा प्रश्न उभा राहतो. परीक्षेत नापास झालं तर घरचं मूल पुन्हा बसतं. या मुलांना मात्र दुसऱ्या संधीचा खर्च उचलणारं कुणी नसतं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक दार आहे, लग्नाचं. अठरा झाली, स्थळ आलं, लग्न लावून दिलं की वहीत पुनर्वसनाची नोंद होते. कित्येक अधीक्षिका हे पोटच्या मुलीसारखं मन लावून करतात, जावयाच्या घरी जाऊन येतात, बाळंतपणालाही बोलावतात. पण शिकायचं असलेल्या मुलीपुढे लग्न ही एकच सुरक्षित जागा उरत असेल, तर तिला निवड मिळाली असं म्हणता येत नाही. आणि ते लग्न मोडलं, तर तिला परत यायला माहेर नसतं. या पुस्तकातल्या, मुलींनी लिहिलेल्या मजकुरात हा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो.

हा विषय आत्ताच हाती घेण्याची निकड कोविडने वाढवली. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये पीएम केअर्स योजना आली. अठरानंतर पाच वर्षं दरमहा विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये, अशी तिची रचना आहे. महाराष्ट्राने अशा मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवली. म्हणजे अठरा ते तेवीस ही पाच वर्षं आधाराची आहेत, हे सरकारने तत्त्वतः मान्य केलं आहे. मग महामारीआधी किंवा नंतर, दुसऱ्या कारणाने घर गमावलेल्या मुलाला हीच पाच वर्षं का मिळू नयेत? कोविडच्या वर्षांत शाळेत असलेली कित्येक मुलं आता बारावी ओलांडत आहेत. त्यांच्यासोबत बालगृहाच्या एकाच खोलीत राहणाऱ्या, पण कोविडमुळे अनाथ न झालेल्या मुलाला हा फरक समजावून सांगणं कोणत्याही अधीक्षकाला जड जातं.

या पुस्तकाची मांडणी त्यामुळे प्रवासासारखी न ठेवता गरजांनुसार केली आहे. वय, कागद, छप्पर, शिक्षण, कमाई, आजारपण आणि माणसं या सात बाजूंनी प्रत्येक प्रश्न पाहिला आहे. कुठे कायद्याचं विवेचन आहे, कुठे संस्थाचालकाचं टिपण, कुठे बाहेर पडलेल्या तरुणांनी सांगितलेला अनुभव. अशा अनुभवांत नावं आणि गावं बदलली आहेत, कारण शिक्का अजून पुसलेला नाही. महाराष्ट्र आणि तेलंगण दोन्हीकडचं वास्तव समोर ठेवलं आहे, कारण मराठवाडा आणि हैदराबादचं येणं-जाणं १९५६ च्या राज्यरचनेनंतरही थांबलेलं नाही आणि मुलंही त्याच गाड्यांनी येतात-जातात.

संपादनात दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या आहेत. एक, मुलांना ‘लाभार्थी’ म्हणून कुठेही संबोधलेलं नाही. दोन, स्वावलंबन म्हणजे एकट्याने सगळं निभावणं, असा अर्थ घेतलेला नाही. घरात वाढलेली मुलं पंचविशीतही आईकडून लोणचं आणि वडिलांकडून भाड्याची अनामत घेतात. त्यांना कुणी परावलंबी म्हणत नाही. संस्थेत वाढलेल्या मुलाकडून मात्र अठराव्या वर्षी, दुसऱ्या कुणाचीही गरज न पडता उभं राहण्याची अपेक्षा केली जाते. ही अपेक्षा बदलावी, असं हे पुस्तक म्हणतं आणि त्यासाठी काय करता येईल ते पानोपानी सुचवतं. प्रत्येक जिल्ह्यात एक तरी गटघर. संस्था सोडण्याआधी आधार, जन्मदाखला, अनाथ प्रमाणपत्र आणि बँक खातं हातात. पदवी किंवा प्रशिक्षण पुरं होईपर्यंत विद्यावेतन. आणि निदान पाच वर्षं फोन उचलणारा एक नेमून दिलेला माणूस.

पुस्तक कुणासाठी, याचं उत्तर त्यामुळे मोठं आहे. बालकल्याण समितीचे सदस्य, बालगृहांचे अधीक्षक, परिविक्षा अधिकारी यांना यात रोजच्या कामाला लागणारी माहिती मिळेल. कॉलेजच्या कार्यालयात अर्ज तपासणाऱ्या कारकुनाला पालकांच्या रकान्यात काय लिहून घ्यायचं हे कळेल. घरमालकाला, लहान कारखानदाराला, बँकेच्या शाखाधिकाऱ्याला आपण एका मुलासाठी काय करू शकतो याचा अंदाज येईल. आणि जे आत्ता सोळा-सतरा वर्षांचे आहेत आणि बालगृहातच बसून हे वाचतील, त्यांच्यासाठी शेवटी दोन याद्या दिल्या आहेत: अठरा पूर्ण होण्याआधी कोणत्या कागदांची मागणी करायची, आणि ती कुणाकडे.